स्वतंत्र आफ्रिकेतलं प्रादेशिक सहकार्य आणि पूर्व आफ्रिकी समुदाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेवर मराठीत काही लिहिलं की प्रश्न येतात आणि बहुतेक वेळा फिरून त्याच जागी येतात: एकाच साम्राज्याखालून सुटलेले, शेजारी-शेजारी असलेले नवे देश एकत्र का राहू शकले नाहीत? विचारणाऱ्यांत राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षेवाले जास्त. काहींच्या घरातलं कुणीतरी मोंबासा किंवा कंपालाला नोकरीला होतं. सगळ्या खंडाबद्दल एकदम बोलायला गेलं की हाती मोघम विधानं उरतात, म्हणून इथे केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा समुदाय मध्यभागी ठेवला आहे. सहकार्याच्या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्या वाट्याला आली. बाकीच्या प्रदेशांचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. पूर्व आफ्रिकी समुदाय म्हणजे काय? तो कधी झाला आणि कधी मोडला?

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी ६ जून १९६७ रोजी कंपालात करारावर सह्या केल्या आणि १ डिसेंबर १९६७ पासून तो लागू झाला. मुख्यालय टांझानियातल्या अरुशा शहरात होतं. या कराराचे दोन भाग होते. पहिला सामाईक बाजारपेठेचा: बाहेरून येणाऱ्या मालावर तिन्ही देशांत सारखी जकात, आपसातल्या मालावर जकात नाही (याला एक महत्त्वाचा अपवाद होता, तो प्रश्न ६ मध्ये). दुसरा सामाईक सेवांचा: रेल्वे, बंदरं, टपाल-तार आणि विमानसेवा ही चार महामंडळं तिघांच्या मालकीची. ३० जून १९७७ ला आर्थिक वर्ष संपलं, पुढच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी मिळाली नाही आणि समुदाय संपला.

याच नावाची संघटना आजही आहे, पण ती वेगळ्या करारानं उभी राहिली. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून प्रश्न १६ जरूर वाचा.

२. स्वातंत्र्याआधी या देशांत असं काय सामाईक होतं, की एकत्र राहणं सोपं वाटावं?

खूप काही होतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याकडून गेलेलं होतं. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूपर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मरण पावले. या मार्गाचं नाव ‘युगांडा रेल्वे’, पण १९०२ मध्ये सरहद्द हलवली गेली आणि तो सगळाच्या सगळा आजच्या केनियाच्या हद्दीत आला. पुढच्या भांडणांची एक मुळी इथेच आहे: युगांडाला समुद्र गाठायचा तर केनियातून जाणं भाग.

१९२० पर्यंत तिथलं चलन रुपया होतं. केनियात १९३० पर्यंत भारतीय दंड संहिता चालत होती. केनिया आणि युगांडा यांची जकात १९१७ मध्येच एक झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून ब्रिटिशांकडे आलेला टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९२० च्या दशकात तीत सामील झाला. १९१९ पासून एकच चलन मंडळ, १९४८ पासून सामाईक सेवा चालवणारं उच्चायोग, १९६१ मध्ये त्याच्या जागी सामाईक सेवा संघटना. युरोपीय आर्थिक समुदाय जन्मायच्या आधी इथे जकात, चलन, रेल्वे, टपाल सगळं एक होतं.

यात एक खाच आहे. ही एकी कुणी कुणाशी बोलून घडवली नव्हती. तक्रार झाली तर निकाल लंडन द्यायचं. स्वातंत्र्यानंतर सेवा तशाच राहिल्या, पण निकाल देणारं कुणी राहिलं नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका वाक्यापाशी येऊन थांबतात.

३. तिन्ही नेत्यांना संघराज्य हवं होतं म्हणतात. मग ते झालं का नाही?

हवं होतं, हे खरं आहे. टांगानिकाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी १९६० मध्ये तर अशी तयारी दाखवली होती की, शेजाऱ्यांसोबत एकत्र स्वतंत्र होता येणार असेल तर टांगानिकाचं स्वातंत्र्य थोडं लांबलं तरी चालेल. आपल्या देशाचं स्वातंत्र्य पुढे ढकलायला तयार असलेला नेता इतिहासात विरळाच. तसं घडलं नाही. टांगानिका डिसेंबर १९६१ मध्ये, युगांडा ऑक्टोबर १९६२ मध्ये आणि केनिया डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाला.

५ जून १९६३ रोजी नैरोबीत न्येरेरे, युगांडाचे मिल्टन ओबोटे आणि केनियाचे जोमो केन्याटा यांनी वर्ष संपायच्या आत संघराज्य करण्याचं जाहीर केलं. मग तपशिलाला हात घातला आणि गाडी अडली. राजधानी कुठे? परराष्ट्र खातं केंद्राकडे की राज्यांकडे? संयुक्त राष्ट्रांत जागा एक की तीन? युगांडाची अडचण सर्वात मोठी होती. तिथे बुगांडाचं जुनं राज्य देशाच्या आतच आपली स्वायत्तता राखून होतं, त्याचा राजा मुटेसा दुसरा ऑक्टोबर १९६३ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि मोठ्या संघराज्यात आपलं वजन विरघळून जाईल ही बुगांडाची भीती काही खोटी नव्हती. ओबोटेंना आधी आपला देश एकत्र ठेवायचा होता.

आणि एक साधी गोष्ट: एकदा झेंडा, राष्ट्रगीत, मंत्रिमंडळ आणि परदेशी वकिलाती मिळाल्या की त्या सोडायला कुणी तयार नसतं. न्येरेरेंना हे आधीच दिसलं होतं, म्हणूनच त्यांची १९६० ची घाई होती.

४. घानाचे क्वामे एन्क्रुमा तर आफ्रिकी ऐक्याचे पुरस्कर्ते. त्यांनी या संघराज्याला विरोध का केला?

त्यांना अख्ख्या खंडाचं एक सरकार हवं होतं. छोटे-छोटे प्रादेशिक संघ झाले तर खंडाचे तुकडे पक्के होतील, असं त्यांचं मत. न्येरेरेंचं म्हणणं उलट: शेजाऱ्यापासून सुरुवात करू, मग पुढे पाहू. माझ्या मते न्येरेरे बरोबर होते. मे १९६३ मध्ये अदिस अबाबात ३२ देशांनी आफ्रिकी एकता संघटना स्थापन केली तेव्हा एन्क्रुमांच्या खंड-सरकाराला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही, आणि पूर्व आफ्रिकेच्या संघराज्यावर नाराज असलेल्या युगांडातल्या लोकांचं बळ मात्र त्यांच्या विरोधामुळे वाढलं.

५. भांडण नेमकं कशावरून होतं? सगळे म्हणतात केनियाचा फायदा झाला, तो कसा?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांब.

गोऱ्या वसाहतवाल्यांची मोठी वस्ती केनियात होती. बँका, विमा कंपन्या, रेल्वेचं आणि विमानसेवेचं मुख्यालय, सगळं नैरोबीत. तिन्ही देशांच्या बाजारासाठी कारखाना काढायचा तर भांडवलदार साहजिकच नैरोबी किंवा मोंबासा निवडायचा, कारण वीज, कारागीर, दुरुस्तीची दुकानं आणि बंदर तिथे आधीपासून होतं. एक कारखाना आला की दुसरा त्याच्या शेजारी येतो.

आता दार-एस-सलामच्या बाजूनं पाहा. समजा परदेशी कापड १०० शिलिंगला मिळतं आणि त्यावर ३० टक्के जकात आहे. गिऱ्हाईक १३० देतं, त्यातले ३० टांगानिकाच्या तिजोरीत जातात. उद्या नैरोबीत गिरणी निघाली आणि तिनं तेच कापड १२५ ला विकलं. जकात नाही, म्हणून व्यापारी नैरोबीचंच घेणार. गिऱ्हाइकाचे ५ वाचले, तिजोरीचे ३० गेले, आणि नोकऱ्या नैरोबीत. हीच गोष्ट शेकडो वस्तूंच्या बाबतीत घडली की दोन देश तिसऱ्याचे कारखाने उभे करायला पैसे मोजतात, आणि त्यांना ते दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दिसतं.

ब्रिटिशांनाही हे माहीत होतं. १९६१ मध्ये सर जेरेमी रेझमन यांच्या आयोगानं यावर उपाय सुचवला. हेच रेझमन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे अर्थसदस्य होते. उपाय असा: जकात आणि अबकारीच्या उत्पन्नातला ६ टक्के आणि कारखाने व वित्तीय कंपन्यांवरच्या करातला ४० टक्के हिस्सा एका सामाईक निधीत टाकायचा. त्यातला अर्धा सामाईक सेवांना द्यायचा आणि उरलेला तिघांत सारखा वाटायचा. केनिया जास्त भरणार, बाकीच्यांना थोडं जास्त मिळणार. कल्पना चांगली होती, पण रक्कम अपुरी पडली. शिवाय टांगानिका आणि युगांडा यांना रोख भरपाईपेक्षा कारखाने हवे होते. नव्या देशाला दरवर्षी शेजाऱ्याकडून तूट भरून घेणं पटणारं नव्हतंच.

मग १९६४ मध्ये कंपालात ठरलं की काही उद्योग वाटून घ्यायचे. टायरचा कारखाना टांगानिकाच्या वाट्याला आला. केनियानं या समझोत्याला रीतसर मंजुरीच दिली नाही. पुढे काय झालं? टायरचा कारखाना नैरोबीतही निघाला आणि अरुशातही. बाजार एकाला जेमतेम पुरेल एवढाच होता.

१९६५ मध्ये सामाईक चलन सोडायचं ठरलं आणि १९६६ पासून तिन्ही देशांच्या मध्यवर्ती बँका वेगळ्या झाल्या. म्हणजे १९६७ चा करार झाला तेव्हा एकीची एक मोठी गाठ आधीच सुटलेली होती.

६. ‘हस्तांतरण कर’ हा काय प्रकार आहे? परीक्षेत विचारतात.

प्रश्न १ मध्ये ज्या अपवादाचा उल्लेख आहे तो हा. डॅनिश अर्थतज्ज्ञ केल्ड फिलिप यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाच्या चर्चेतून १९६७ चा करार घडला आणि त्यात ही तरतूद आली. कारखान्याच्या मालाच्या आपसातल्या व्यापारात ज्या देशाची तूट आहे, त्याला शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित कर लावता येईल. अटी अशा: तो माल त्या देशात बनत असला पाहिजे किंवा लवकरच बनणार असला पाहिजे, कराचा दर बाहेरच्या जकातीच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एका वस्तूवरचा कर आठ वर्षांत संपावा. वरच्याच कापडाच्या उदाहरणात टांझानियाला नैरोबीच्या कापडावर १५ टक्क्यांपर्यंत कर लावून आपली गिरणी उभी करता आली असती.

जोडीला कंपालात पूर्व आफ्रिकी विकास बँक आली. भांडवल तिघांनी सारखं घालायचं, पण गुंतवणुकीत केनियाला २२.५ टक्के आणि टांझानिया व युगांडा यांना प्रत्येकी ३८.७५ टक्के. महामंडळांची मुख्यालयंही वाटली गेली: बंदरांचं दार-एस-सलामला, टपाल-ताराचं कंपालाला, रेल्वे आणि विमानसेवेचं नैरोबीतच.

मला ही रचना त्या काळाच्या मानानं फार समजूतदार वाटते. उणीव एवढीच की दुबळ्या देशाला संरक्षण मिळालं तरी नवा कारखाना कुठे निघावा हे ठरवणारं कुणी नव्हतं, आणि तिन्ही देश तोच तोच कारखाना काढत राहिले.

७. टांझानिया समाजवादी आणि केनिया भांडवलशाही. खरं कारण हेच ना?

पाठ्यपुस्तकी उत्तर हेच आहे आणि ते अर्धवट आहे. टांझानियाची समाजवादी वाट जाहीर करणारी न्येरेरेंची अरुशा घोषणा ५ फेब्रुवारी १९६७ ची. समुदायाचा करार जूनमधला. म्हणजे वाटा वेगळ्या आहेत हे उघड माहीत असताना सह्या झाल्या.

फरक पडला तो रोजच्या व्यवहारात. टांझानियानं बराचसा आयात व्यापार सरकारी महामंडळाकडे दिला. मग जकात नसली तरी केनियाचा माल घ्यायचा की नाही हे दार-एस-सलामच्या कार्यालयात बसलेला अधिकारी ठरवू लागला. त्यात ताझारा रेल्वे आली. दार-एस-सलाम ते झांबियातलं कपिरी म्पोशी, सुमारे १,८६० किलोमीटर, चीनच्या कर्जातून आणि मदतीनं १९७० ते १९७५ मध्ये बांधलेली. स्थानिक खर्च भागवण्यासाठी चिनी वस्तू टांझानियात आणि झांबियात विकायच्या असं ठरलं होतं. ज्या दुकानात केनियाचा माल असायचा तिथे चिनी माल आला.

या रेल्वेचं आणखी एक वैशिष्ट्य: रूळांतलं अंतर १,०६७ मिलिमीटर, दक्षिण आफ्रिकेकडच्या मापाचं. पूर्व आफ्रिकेची रेल्वे आपल्या मीटरगेजसारखी १,००० मिलिमीटरची. ६७ मिलिमीटरच्या फरकामुळे एका रूळावरचा डबा दुसऱ्यावर जात नव्हता.

केनिया आणि टांझानिया यांच्यात जाहीर टोमणेबाजीही खूप झाली. त्यानं मनं दुखावली, पण समुदाय टोमण्यांनी मोडला नाही.

८. मग इदी अमीनमुळे मोडला का?

अमीनमुळे यंत्रणा बंद पडली. ती एका माणसामुळे बंद पडू शकली, हा दोष कराराचा.

समुदायाचं सर्वोच्च मंडळ म्हणजे तीन राष्ट्राध्यक्ष, आणि निर्णय एकमतानं. २५ जानेवारी १९७१ रोजी ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना अमीननं सत्ता बळकावली. न्येरेरेंनी ओबोटेंना आश्रय दिला आणि अमीनसोबत एका टेबलावर बसायला नकार दिला. तेव्हापासून शेवटपर्यंत हे मंडळ एकदाही भरलं नाही. कागद एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत सह्यांसाठी फिरवून कारभार काही वर्षं चालला, हे खालच्या अधिकाऱ्यांचं मोठेपण. पण वाटणीचे, पैशाचे, नेमणुकांचे कठीण प्रश्न सह्या फिरवून सुटत नाहीत.

न्येरेरेंचं चुकलं का, असंही विचारतात. अमीनच्या राजवटीनं नंतर जे केलं ते पाहता त्यांच्या नकारामागची नैतिक बाजू भक्कम होती. मात्र त्या नकाराची किंमत समुदायानं मोजली, हेही तितकंच खरं. १९७८ मध्ये अमीनचं सैन्य टांझानियाच्या कागेरा भागात घुसलं आणि एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या सैन्यानं कंपाला घेतलं. तोवर समुदाय संपलेला होता. त्यामुळे या युद्धाला समुदाय मोडण्याचं कारण म्हणून लिहू नका.

९. युगांडातून भारतीयांना हाकललं, त्याचा या विषयाशी काय संबंध? आमच्या नात्यातले गोव्याचे लोक तिथे होते.

संबंध आहे. अमीननं ४ ऑगस्ट १९७२ रोजी आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. २७ ते २८ हजार जण ब्रिटनला गेले, बाकीचे कॅनडा, भारत आणि इतरत्र. तिन्ही देशांच्या बाजारपेठेवर एवढा मोठा परिणाम करणारा निर्णय एका देशानं परस्पर घेतला आणि समुदायाकडे त्यावर बोलायची जागाही नव्हती (प्रश्न ८). केनिया आणि टांझानिया यांनीही त्या लोकांना आपल्याकडे स्थायिक होऊ दिलं नाही. मालाला सीमा खुली आणि माणसाला बंद, असं ते सहकार्य होतं.

गोव्याच्या मंडळींचं नातं याहून जुनं. मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या ‘कारंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटींनी कित्येक कुटुंबं तिकडे गेली. गोवेकर रेल्वेत, जकात खात्यात, सरकारी कचेऱ्यांत कारकून आणि हिशेबनीस होते आणि तिन्ही देशांत त्यांच्या बदल्या व्हायच्या. सामाईक सेवा प्रत्यक्ष चालवणाऱ्यांत ते होते. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पियो गामा पिंटो मूळचे गोव्याचे. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. केनियाचे परराष्ट्रमंत्री आणि १९६६ मध्ये काही महिने उपराष्ट्राध्यक्ष असलेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर आणि आई मसाई.

१०. १९७७ मध्ये प्रत्यक्ष काय घडलं?

सुरुवात पैशांच्या हस्तांतरणापासून झाली. चलनं वेगळी झाल्यावर परकीय चलनाचे निर्बंध आले. रेल्वेची तिकिटं आणि मालभाडं दार-एस-सलामला वसूल व्हायचं, पगार आणि सुट्या भागांची बिलं नैरोबीतून द्यायची. टांझानिया आणि युगांडा नैरोबीला पैसे पाठवेनात. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि परकीय चलनाची ओढाताण आणखी वाढली. नैरोबीनं खर्च आखडता घेतला आणि रेल्वे देशवार तुटत गेली.

१९७७ च्या सुरुवातीला कर्जात बुडालेली पूर्व आफ्रिकी विमानसेवा बंद पडली. तिची बरीच विमानं नैरोबीत होती. केनियानं लगेच आपली विमानसेवा सुरू केली. टांझानियानं फेब्रुवारीत केनियाची सीमा बंद केली, केनियाच्या पर्यटक गाड्या आणि लहान विमानं अडकवून ठेवली, पर्यटक खोळंबले. टांझानियाची जुनी तक्रार अशी की सेरेंगेटीचे प्राणी आमचे आणि सहलीचे पैसे नैरोबीच्या कंपन्यांचे. ही सीमा नोव्हेंबर १९८३ पर्यंत बंद राहिली.

केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी हे एकच सलग जंगल. दोहोंच्या मधल्या बोलोगोंजा नाक्यावरून पर्यटकांची ये-जा तेव्हा बंद झाली ती सीमा उघडल्यावरही पूर्ववत झाली नाही. विल्डबीस्ट नावाची हरणं आणि झेब्रे दरवर्षी ती रेषा ओलांडतात, जीपमधल्या माणसाला मात्र लांबचा वळसा घालून दुसऱ्या नाक्यावरून जावं लागतं.

११. सामाईक मालमत्तेची वाटणी कशी झाली?

स्विस राजनैतिक अधिकारी व्हिक्टर उम्ब्रिख्त यांनी मध्यस्थी केली. इंजिनं, बोटी, इमारती, कर्जं, पेन्शनची देणी, सगळ्याची मोजदाद करायला वर्षं गेली आणि समझोत्यावर सह्या झाल्या १४ मे १९८४ रोजी. समुदाय जेमतेम साडेनऊ वर्षं चालला आणि त्याची वाटणी करण्यात जवळजवळ सात वर्षं गेली. सर्वात जास्त झळ कर्मचाऱ्यांना बसली: टांझानियातल्या माजी कर्मचाऱ्यांचा पेन्शनचा लढा एकविसाव्या शतकातही कोर्टात चालू होता.

१२. वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमा स्वतंत्र देशांनी बदलल्या का नाहीत?

एक बदलली तर सगळ्याच उघडतील, या भीतीनं. जुलै १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी एकता संघटनेनं ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा मान्य करायच्या. सोमालिया आणि मोरोक्को यांना तो मान्य नव्हता. सोमालियाचा दावा केनियाच्या ईशान्य भागावर आणि इथिओपियाच्या ओगादेनवर होता, आणि केनियात त्यावरून १९६७ पर्यंत सशस्त्र बंड चाललं. ठरावानं बरीच युद्धं टळली असं मला वाटतं. पण ज्या सीमेचं रक्षण करायची शपथ घेतली, तीच सैल करायला सहकार्य सांगतं, हा पेचही त्यानंच पक्का केला.

१३. फ्रेंच वसाहतींचं जमलं का?

सर्वात जलद मोडलेला प्रयोग तिथलाच. सेनेगल आणि फ्रेंच सुदान (आजचा माली) यांचा माली संघ २० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि २० ऑगस्टला फुटला. सेनेगलचे लिओपोल्ड सेंघोर यांना सैल संघ हवा होता, सुदानचे मोदिबो केइता यांना घट्ट केंद्र. राष्ट्राध्यक्ष कोण यावरून वाद पेटला आणि केइतांना बंद आगगाडीतून बमाकोला परत पाठवलं गेलं. मग मालीनं डाकारची रेल्वेच तोडली. समुद्र नसलेल्या देशानं आपलाच बंदराचा रस्ता बंद केला आणि माल आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानकडे वळवला. तो मार्ग १९६३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

सीएफए फ्रँक हे सामाईक चलन मात्र टिकलं, कारण त्याची हमी पॅरिसकडे होती. निकाल देणारा बाहेरचा असला की व्यवस्था टिकते (प्रश्न २). किंमत म्हणून जानेवारी १९९४ मध्ये त्या फ्रँकचं मूल्य फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत निम्म्यावर आणलं गेलं.

१४. पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय ‘इकोवास’ यशस्वी म्हणायचा का?

टिकला, हे मोठं आहे. २८ मे १९७५ रोजी लागोसमध्ये १५ देशांनी तो स्थापन केला, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज वसाहतींचा वारसा असलेल्यांनी मिळून. १९७९ मध्ये नागरिकांना ९० दिवस व्हिसाशिवाय फिरायची मुभा दिली. पण जानेवारी १९८३ मध्ये तेलाचे भाव पडलेले असताना नायजेरियानं कागदपत्रं नसलेल्या शेजारी नागरिकांना बाहेर काढलं. त्यात घानाचे सुमारे दहा लाख होते. त्याआधी १९६९ मध्ये घानानं नायजेरियनांना असंच काढलं होतं. घरचं अर्थकारण बिघडलं की पहिला बळी शेजाऱ्याचा मजूर, हे दोन्ही वेळा दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यातून औपचारिकपणे बाहेर पडले.

१५. मग टिकलेलं काहीच नाही का?

दोन उदाहरणं मुद्दाम देते, कारण ती नियमात बसत नाहीत.

टांगानिका आणि झांझिबार २६ एप्रिल १९६४ रोजी एक झाले आणि आजही टांझानिया म्हणून एक आहेत. जानेवारीतल्या झांझिबारच्या क्रांतीनंतर दोन्ही नेत्यांना घाई होती आणि जनमत घेतलं गेलं नाही. झांझिबारला स्वतःचं सरकार आणि अध्यक्ष ठेवू दिला, म्हणून ते तगलं, पण तिथली कुरबुर अजून संपलेली नाही.

दुसरं, दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघ, १९१० पासूनचा. बोट्सवाना आणि लेसोथो १९६६ मध्ये, स्वाझिलँड १९६८ मध्ये स्वतंत्र झाले. डिसेंबर १९६९ च्या नव्या करारात या तिघांचा जकातीतला वाटा काढताना त्याला १.४२ नं गुणायचं ठरलं, म्हणजे हिशेबानं येणाऱ्या रकमेपेक्षा ४२ टक्के जास्त. दक्षिण आफ्रिकेसारख्या बलाढ्य शेजाऱ्याकडे सगळे कारखाने जातात, त्याची ही लेखी, ठरलेली भरपाई. प्रश्न ५ मधली तक्रार इथे आकड्यात बांधली गेली. देणारं सरकार वर्णद्वेषी होतं आणि जकातीचे दर तेच एकटं ठरवायचं, त्यामुळे याला आदर्श म्हणता येत नाही. पण वाटणीचा हिशेब स्पष्ट असला की सहकार्य टिकतं, याचा हा सबळ पुरावा आहे.

१६. आजचा पूर्व आफ्रिकी समुदाय जुन्याच चुका करतोय का?

नवा करार ३० नोव्हेंबर १९९९ चा, जुलै २००० पासून लागू. मुख्यालय पुन्हा अरुशाच. आज आठ सदस्य: केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि २०२४ पासून सोमालिया. या कराराच्या प्रस्तावनेतच १९७७ ची कारणं लिहिली आहेत: राजकीय इच्छाशक्तीचा अभाव, खाजगी क्षेत्र आणि नागरिकांचा नगण्य सहभाग, आणि फायद्याची विषम वाटणी. परीक्षेसाठी याहून भरवशाचा आधार नाही.

एक चूक नक्की सुधारली. २००५ च्या सीमाशुल्क संघात टांझानिया आणि युगांडा यांचा माल केनियात पहिल्या दिवसापासून जकातमुक्त होता, तर केनियाच्या काही मालावर या दोघांनी जकात ठेवली आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणली. हस्तांतरण कराचाच हा सुधारलेला अवतार.

दुसरी चूक बऱ्याच अंशी तशीच आहे. राष्ट्रप्रमुखांची परिषद अजूनही सर्वसहमतीनं निर्णय घेते. रवांडा आणि युगांडा यांचं बिनसलं तेव्हा त्यांच्यामधली गतुनाची सीमा फेब्रुवारी २०१९ पासून जानेवारी २०२२ पर्यंत बंद होती, आणि समुदाय ती उघडवू शकला नाही.

नवी गोष्ट म्हणजे अरुशातलं पूर्व आफ्रिकी न्यायालय. सदस्य देशात राहणारा कुणीही सामान्य माणूस आपल्या सरकारनं करार मोडला म्हणून तिथे थेट दाद मागू शकतो, मात्र दोन महिन्यांच्या आत. २००६ मध्ये केनियाच्या आन्यांग न्योंगो आणि इतरांनी तेच केलं: समुदायाच्या विधानसभेवर केनियानं पाठवलेले सदस्य रीतसर निवडलेले नाहीत, अशी तक्रार. न्यायालयानं त्यांचा शपथविधी रोखला आणि केनियाला निवड पुन्हा करावी लागली. त्यावर सदस्य देशांनी घाईनं करार दुरुस्त करून न्यायालयाला आवर घातला. थेट दाद मागायचा हक्क मात्र त्यांना काढून घेता आला नाही, आणि आजही खटले दाखल होतात.